बूमच्या आतला आउटहॉल अर्ध्यावर अडतोय, टोपणाचे स्क्रूही सुटत नाहीत

मांडवा_३२ :
बोट ३२ फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), मुंबई बंदरात मूरिंगवर. बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) ॲल्युमिनियमचा, साधारण ४ मीटर. आउटहॉल (शिडाचा खालचा मागचा कोपरा, म्हणजे क्लू, मागे ताणणारी दोरी) आणि दोन रीफच्या (वारा वाढला की शीड लहान करायच्या) दोऱ्या बूमच्या आतून येऊन गूजनेकपाशी (बूम डोलकाठीला जोडतो तिथे) बाहेर पडतात. आउटहॉल कितीही ओढला तरी क्लूची कार (बूमवरची सरकती गाडी) शेवटपर्यंत जात नाही, शिडाच्या खालच्या कडेला झोळ राहतोच. दुसऱ्या रीफची दोरी दोघांनी ओढली तरच हलते. मागच्या टोपणाचे चार स्टेनलेस स्क्रू जाम आहेत आणि एकाची खाच गोल व्हायला लागली आहे. पावसाळ्यासाठी बोट वर घेण्याआधी काम उरकायचं आहे. ड्रिल न लावता स्क्रू निघतील का? आउटहॉलची आतली तार काढून डायनीमा (मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी) घालावा का? आणि परत ओवताना दोऱ्यांचा गुंता कसा टाळायचा?

खारेवारे :
स्क्रूला हात लावण्याआधी आउटहॉल *कसा* अडतो ते बघा. क्लू सोडा, कारला पुढच्या बाजूने एक बारीक दोरी बांधून कुणाला तरी हलका ताण धरायला सांगा आणि आउटहॉल सावकाश ओढा.

सुरुवातीपासून जड जात असेल आणि सोडल्यावर दोरी आपोआप थोडी मागे सरकत असेल, तर आतल्या कप्प्यांच्या दोऱ्यांना पीळ पडला आहे. पण लोण्यासारखी येत येत एकदम ठक् करून थांबत असेल, पुढे सूतभरही नाही, तर आत हलती कप्पी पुढच्या स्थिर कप्पीला भिडते आहे. हा दोष फार वेळा ओळखला जात नाही. लोक विंचवर (दोरी गुंडाळून ओढायच्या फिरत्या चाकावर) घेऊन ओढत बसतात आणि शेवटी स्थिर कप्पीची पिन वाकते.

याचं कारण तारेची लांबी. तार कारपासून मागच्या शीव्हवरून (खाचेच्या चाकावरून) आत वळते आणि हलत्या कप्पीला जोडलेली असते. कार जितकी मागे जाईल तितकीच ती कप्पी पुढे सरकते. तार १० सेंटीमीटर जास्त लांब असेल तर कारला शेवटचे १० सेंटीमीटर मिळतच नाहीत. नवं शीड खालच्या कडेला जरा लांब शिवलं गेलं किंवा तार बदलताना अंदाजाने कापली, की हेच होतं.

कार अडते तिथून शेवटपर्यंतचं अंतर मोजा, त्यात ५ सेंटीमीटर मिळवा आणि नवी दोरी तेवढी आखूड करा. त्याहून आखूड नको, नाहीतर आउटहॉल पूर्ण सैल सोडल्यावर हलती कप्पी मागच्या शीव्हवर जाऊन आदळेल.

डोलकाठी :
स्क्रूबद्दल. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि स्क्रू आवळून धरते. म्हणून नुसत्या जोराने डोकं तुटतं, स्क्रू सुटत नाही.

आधी शीड उतरवा. बूम टॉपिंग लिफ्टवर (बूम वर धरणाऱ्या दोरीवर) आणि शिवाय मेन हॅलयार्डवर (शीड चढवायच्या दोरीवर), असा दोन ठिकाणी टांगा. गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळू द्या, मग पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हीट गनने स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम तापवा. ते स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. ज्योत वापरू नका, टोपणातले प्लॅस्टिकचे शीव्ह वितळतात. गरम असतानाच हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या. बिट नीट पारखा. युरोपीय बूमवर बऱ्याचदा पोझिड्राइव्ह (फिलिप्ससारख्या दिसणाऱ्या खाचेचे) स्क्रू असतात, त्यात फिलिप्स घातला की खाच गोल होणारच.

तुमचा तो एक बहुधा ड्रिल करावाच लागेल. फक्त डोकं उडवा. टोपण निघालं की उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने धरून, पुन्हा तापवून काढता येतो. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातू एकमेकांपासून वेगळे ठेवणारे लेप) लावा. ड्युरालॅक हातमोजे घालूनच, त्यात बेरियम क्रोमेट असतं.

मांडवा_३२ :
ठक् करूनच थांबतो. अंतर १२ सेंटीमीटर. तीन स्क्रू गरम करून निघाले, चौथ्याचं डोकं उडवावं लागलं. आत बघितलं तर दुसऱ्या रीफची दोरी आउटहॉलच्या कप्प्यांच्या दोऱ्यांमधून गेली आहे.

खारेवारे :
म्हणजे दोन्ही दुखणी सापडली. आउटहॉल ताणला की तो रीफच्या दोरीला चिमटा घेतो, म्हणून ती दोघांना ओढावी लागत होती.

डायनीमा जरूर घाला, या कामाला ६ मिलिमीटर पुरे. पण आधी मागच्या शीव्हच्या खाचेतून नख फिरवा. तारेने कोरलेल्या बारीक कडा नखाला लागल्या तर शीव्ह बदला. त्या कडा डायनीमाचा एकेक धागा कापत जातात. टोकाला गाठ मारू नका, सुळसुळीत असल्याने ती सरकते. आय स्प्लाइस (टोक दोरीच्याच आत ओवून केलेला फासा) करा, शेपूट जाडीच्या ७२ पट आत, म्हणजे ६ मिलिमीटरला सुमारे ४३ सेंटीमीटर. ती लांबी आखूड करण्याच्या हिशेबात विसरू नका.

डोलकाठी :
ओवताना आधी आउटहॉल पूर्ण जोडून हलक्या ताणात ठेवा आणि मग रीफच्या दोऱ्या त्याच्या बाजूने न्या. प्रत्येक दोरी काढताना तिच्या टोकाला ३ मिलिमीटरची मेसेंजर दोरी (मागोमाग आत जाऊन वाट राखणारी) सुईदोऱ्याने टोकाला टोक शिवून घ्या, गाठ शीव्हमध्ये अडते. आता मात्र दुसऱ्या रीफच्या दोरीमागून मेसेंजर ओढू नका, चुकीचाच मार्ग परत मिळेल. ती पूर्ण काढा आणि फिश टेपने (नळीतून वायर ओवायच्या लवचिक पट्टीने) नव्याने ओवा.

शीव्हच्या क्रमाचं चित्र काढताना डावं-उजवं न लिहिता पोर्ट-स्टारबोर्ड (बोटीच्या पुढे तोंड केल्यावरची डावी-उजवी बाजू) लिहा. पुढून बघताना जे डावं तेच मागून बघताना उजवं, आणि बहुतेक गुंते इथेच होतात. टोपण लावण्याआधी एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकातून बघा. दोऱ्या समांतर दिसल्या पाहिजेत.

रीफची दोरी बदलणार असाल तर १० मिलिमीटर डबल ब्रेड पॉलिएस्टर. लांबी : बूम ४ मीटर, शिडातलं रीफचं भोक बूमपासून ३.२ मीटर वर असेल तर त्याच्या दुप्पट ६.४, बूमभोवतीच्या बोलाइन गाठीला ०.६, गूजनेकपासून विंचपर्यंत ३. एकूण १४ मीटर. तुमची मापं घालून बघा.

शीव्हना ग्रीस नको, मीठ आणि धूळ धरून ठेवतं. गोडं पाणी, मग कोरडा सिलिकॉन स्प्रे. पावसाळ्यात बूमची टोकं प्लॅस्टिकने बांधली तर आत दमट राहून गंज वाढतो. मच्छरदाणीची जाळी बांधा, हवा खेळते आणि कुंभारीण माशी आत मातीचं घर करत नाही. खालचं पाणी जायचं भोक तेवढं तारेने मोकळं करून घ्या.