तळ्याकाठी तंबूतली रात्र: आपापले अनुभव सांगा

आपल्या कोल्हापूरकरांना राधानगरी-दाजीपूर म्हणजे रविवारचं काम. सकाळी मिसळ हाणायची, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण बघायचं, फोंडा घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन अंधार पडायच्या आत रंकाळ्यावर परत. तिथं रात्र काढणारे मात्र आत्ता आत्ता वाढलेत. म्हणून हा धागा. रेटिंग आणि पॅकेजचे दर नकोत, रात्री काय झालं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. डिसेंबर, चौघं मित्र, अभयारण्याबाहेर एका छोट्या तळ्याकाठी. (आत मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते.) थंडी मरणाची, म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी गळ्यापर्यंत लावून झोपलो. पहाटे तीनला कपाळावर टप्प. मग दुसरा थेंब. बॅटरी लावली तर छताला आतून घामासारखं पाणी सुटलेलं, स्लीपिंग बॅग ओली. बाहेर आभाळ चांदण्यांनी लखलखीत. तंबू भाड्यानं देणाऱ्याला सकाळी चांगलाच झापला. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, ते तुमच्याच चौघांच्या तोंडातलं पाणी हाय." खरंच होतं. श्वासातली वाफ बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती, त्यात पाण्याकाठचं दव. तेव्हापासून कितीही गारठा असो, वरची जाळी चार बोटं तरी उघडी.

* * *

मी आईला घेऊन गेलो होतो. (हो, बाईच आहे मी, पण कोल्हापूरची. आम्ही "गेलो" असंच म्हणतो.) मे संपत आलेला, काजवे बघायला म्हणून. आई वय वर्षं चौसष्ट. तंबू बघितल्या बघितल्या म्हणाली, "ह्यात मी रांगत जाणार न्हाई," आणि गाडीतली मागची सीट आडवी करून झोपली.

काजव्यांचं काय सांगू? तळ्याच्या पलीकडचं एक झाड पेटायचं, विझायचं, आणि तेच खाली पाण्यात. आईनं अर्धा तास बघितलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "लाईट बिल येत नसंल ह्यांना."

पहाटे तिनं गाडीची काच ठोकून मला उठवलं. "कोण मुडदा शिट्ट्या मारतोय बघ बरं, बायकामाणसं झोपलीत हितं." अंधारातून अगदी माणसाची वाटावी अशी शीळ, सूर धरून, मध्येच भरकटणारी. बाजूच्या तंबूतल्या काकांनी सांगितलं, हा कस्तूर पक्षी, मलबार व्हिसलिंग थ्रश. इंग्रजांनी ह्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असंच टोपणनाव दिलंय म्हणे. म्हणजे आईचा अंदाज फार चुकला नव्हता. ती तरी उजाडेपर्यंत झाडांकडं संशयानंच बघत होती.

* * *

आमचं गावच जंगलाच्या कडेला. गवा आम्हाला नवीन नाही. 1958 साली दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखलं, आता राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं झालंय, तरी गवे काय कागदावरची हद्द वाचत नाहीत. उसात येतात, बांधावर येतात. पण तंबूतून गवा बघणं आणि बांधावरून बघणं ह्यात फरक आहे, हे मला मागच्या फेब्रुवारीत कळलं.

पुण्याचे तिघं पाहुणे होते. जेवण झाल्यावर त्यातल्या एकानं मटणाचं पातेलं विसळून ते पाणी तंबूपासून दहा पावलांवर ओतलं. मी बघितलं, पण बोललो नाही. चूक माझीच. गव्याला मिठाची ओढ असते. दीडच्या सुमाराला आधी गवत ओढल्याचा आवाज आला, चर्र, चर्र, जशी म्हैस गोठ्यात वैरण खाते तसा. मग लांब, जड श्वास. तंबूच्या खालच्या फटीतून मी एक डोळा लावला. चंद्रप्रकाशात फक्त चार पाय दिसत होते, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे. वरचं सगळं काळं. एवढं काळं की मागचं तळं दिसेना.

एका पाहुण्यानं मोबाईलची टॉर्च लावायला हात घातला, तो मी दाबून धरला. जनावर बुजलं तर ते कुठं पळेल ह्याचा नेम नाही, आणि मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. तंबूच्या दोऱ्यात पाय अडकला तर आमचं पोतं झालं असतं. तो माती चाटत होता. जिभेचा खरखरीत आवाज अजून कानात आहे. पंधरा मिनिटं असेल, आम्हाला रात्र वाटली. मग "फुस्स" करून मोठा फुत्कार टाकला आणि पाण्याकडं गेला. सकाळी पातेल्याच्या जागी जमीन चाटून गुळगुळीत.

तंबू लावायच्या आधी काठावर खुरांची वाट आहे का बघा. जनावराची पाण्यावर यायची वाट तुम्ही अडवायची नाही, एवढं केलं तरी पुरे.

* * *

वळीव. एवढाच शब्द पुरेसा आहे. एप्रिलमध्ये सड्यावर जागा निवडली कारण तिथनं तळं झकास दिसत होतं. खाली जांभा, खुंटी बोटभर आत जाईना, चार वाकल्या. म्हटलं दगड ठेवू. साडेपाचला आभाळ भरलं, आधी धूळ, मग वारं, मग गारा. दगड जागेवर राहिले, तंबू गेला. करवंदाच्या जाळीत सापडला. सुंदर दिसणारी जागा झोपायला सहसा नालायक असते.

* * *

हे हसण्यावारी नेऊ नका, म्हणून लिहिते. जानेवारीत आम्ही मैत्रिणी गेलो होतो. चिकन भाजून झालं, शेगडीत निखारे राहिले होते, ज्वाळ नव्हती, धूर नव्हता. ऊब राहील म्हणून शेगडी तंबूत घेतली आणि चेन लावली. तासाभरात एकीचं डोकं ठणकायला लागलं, दुसरीला मळमळ. आम्ही दोष दिला तांबड्या रश्शाला. तिसरी लघवीला म्हणून बाहेर पडली आणि उभ्या उभ्या खाली बसली. तिनं चेन उघडी टाकली होती, म्हणून आम्ही वाचलो असं दवाखान्यात सांगितलं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. विझत आलेला कोळसा जास्तच वाईट. थंडी वाजली तर अजून एक घोंगडं घ्या.

* * *

शेगडीचं वाचून अंगावर काटा आला. आमची तक्रार त्यापुढं किरकोळ आहे. "लेक व्ह्यू" म्हणून पैसे घेतले आणि तंबू दिला संडासामागं. रात्री साडेबारापर्यंत स्पीकर. मालकाला सांगायला गेलो तर तोच नाचत होता. जंगलात जाऊन महाद्वार रोडची झोप घेऊन आलो.

* * *

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी: जळवांना मीठ लावतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते मीठ तंबूच्या दारात सांडून ठेवू नका. कारण वर वाचलंच असेल.

* * *

धागाकर्ता परत. गव्यावाले दादा, एक नंबर. ते तळं नेमकं कुठलं? आणि तिथं अजून तंबू लावू देतात का?

* * *

लावू देतात. कुठलं ते सांगणार नाही.