बैठं घर, विहिरीचं पाणी आणि ओट्यावरचा छोटा डिशवॉशर

खारावारा:
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याला आईबाबा दोघंच असतात. त्यांच्यासाठी ओट्यावर मावणारा ६ किंवा ८ प्लेस सेटिंगचा (एक सेटिंग म्हणजे एका माणसाच्या जेवणाची भांडी) डिशवॉशर बघतोय. बैठं घर, टाकी स्लॅबवर, पाणी विहिरीचं. एप्रिलपासून पाणी जरा मचूळ लागतं. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. रोज भात, माशांचं सार, तळलेली तुकडी. कंपनी कुठली हे नंतर बघू, पण अशा घरात हे यंत्र नीट चालेल का?

नळजोड:
आधी टेप घ्या. बऱ्याच छोट्या मशीनच्या पाटीवर पाण्याचा किमान दाब ०.०४ मेगापास्कल लिहिलेला असतो. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळजोडापासून साधारण ४ मीटर, १३ फूट वर हवी. बैठ्या घरात स्लॅब १० फुटांवर आणि ओटा पावणेतीन फुटांवर असतो. टाकी थेट स्लॅबवर असेल तर ती भरलेली असतानाही जेमतेम १०-११ फूट मिळतात, अर्धी झाली की आणखी कमी. मग मशीन पाणी घेत बसतं, ठरलेल्या वेळेत भरलं नाही की एरर दाखवून थांबतं. सर्व्हिसवाला येऊन व्हॉल्व्ह बदलतो आणि दुखणं तिथंच राहतं.

यावर उपाय दोन. मशीनच्या लाइनवर शंभरेक वॉटचा छोटा प्रेशर पंप बसवा, फ्लो स्विचवाला, म्हणजे पाणी ओढलं की आपोआप सुरू होतो. नाहीतर आतच ५ लिटरची टाकी असलेलं मॉडेल घ्या, वरून तांब्याने पाणी ओतायचं. त्यात नळाचा प्रश्नच मिटतो, पण भांडी कमी मावतात आणि रोज पाणी ओतायचं काम आईबाबांच्या गळ्यात पडतं. माझं मत पंपाच्या बाजूने.

पाऊण इंची नळजोडाच्या आधी जाळीचा फिल्टर लावाच, पावसाळ्यात विहीर गढूळ झाली की मशीनची बारीक जाळी पहिली तुंबते. निचऱ्याच्या पाइपचं टोक सिंकमध्ये साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, घाण पाणी उलटं ओढलं जातं.

फेज_न्यूट्रल:
व्होल्टेजचं गणित सोपं आहे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ला १३८० वॉट देणारा हीटर १८० ला साधारण ८४५ वॉटच देतो. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो, काही मशीन तापमान गाठलं नाही म्हणून मध्येच सोडून देतात. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे दुपारी लावा. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर ३ केव्हीएचा, टीव्हीचा नको. इन्व्हर्टरवर जोडू नका. वीज गेली तर दार न उघडता तसंच ठेवा, बहुतेक मशीन वीज परत आल्यावर थांबल्या जागेवरून चालू होतात.

१६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, यात कसूर नको. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यामुळे मे महिन्यात तपासा, पावसाळ्यात सगळंच ठीक दिसतं.

विहीरपाणी:
मचूळ आणि जड ही दोन वेगळी दुखणी. मशीनमधला सॉफ्टनर फक्त जडपणा आणणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, मचूळ पाण्यातलं क्लोराइड तसंच राहतं. खाऱ्या पाण्यात स्टीलवर बारीक तपकिरी टिपके पडतात, ते याचमुळे. टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार मोजणारं मीटर, दोन्हीतला फरक सांगत नाही. पाणी तपासून जडपणा आणि क्लोराइड दोन्ही आकडे घ्या, तेही मे महिन्यातलं पाणी द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. आकडा त्याच्या बराच वर असेल तर एप्रिल-मे हे दोन महिने मशीन बंद ठेवलेलं बरं, किंवा नळयोजनेचं पाणी द्या.

जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊच असतं. मग सॉफ्टनरला लागणाऱ्या मिठाची सेटिंग सर्वात खाली आणि धुण्याची पावडरही कमी. मऊ पाण्यात जास्त पावडर टाकली की काचेचे ग्लास कायमचे धुरकट होतात. पारख अशी: ग्लासवर व्हिनेगर चोळा. डाग गेला तर तो क्षार, नाही गेला तर काच खरवडली गेली, आता इलाज नाही. मीठ डिशवॉशरचंच, जाड दाण्याचं. घरातलं आयोडीनचं बारीक मीठ कप्प्यात घट्ट बसतं.

खारावारा:
पंपाचं पटलं. आता माशांच्या भांड्यांचं सांगा. आणि थाळ्या ११ इंची आहेत.

चुलीपासून_ओट्यापर्यंत:
थाळी घेऊन दुकानात जा. खालच्या रॅकमध्ये उभी करा आणि फवाऱ्याचं पातं हाताने फिरवून बघा, अडलं तर ते मॉडेल सोडा. प्लेस सेटिंगचा हिशोब बशा, कप, काटेचमच्यांचा आहे. ५ लिटरचा कुकर किंवा कढई एकटीच अर्धी जागा खाते, आणि पातं फक्त खाली असलेल्या मशीनमध्ये कढई मधोमध पालथी घातली तर वरच्या वाट्यांना पाणीच पोचत नाही. मोठी भांडी कडेला, तिरकी.

माशांच्या ताटांतले काटे, खवले, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा आधी झाडून टाका. शिंपल्याची कपची गाळणीतून निसटली की निचऱ्याचा पंप अडकतो. ताटं गार पाण्याने विसळा, गरम पाण्याने माशाचा रस भांड्याला चिकटून बसतो. धुणं मात्र ६० अंशांच्या वर, कारण खोबरेल २४ अंशांखाली थिजतं आणि कमी तापमानाच्या धुण्यात वाटणाचा तेलकट थर गाळणीवर जमतो. वासाचं मूळ तेच. मासे झाले की त्याच दिवशी गाळणी काढून ब्रशने घासायची, आणि महिन्याने रिकाम्या मशीनमध्ये ३०-४० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून गरम फेरी.

अर्ध्या तासाच्या फेरीत टॅब्लेट पुरती विरघळत नाही. दोन चहाचे चमचे पावडर बास. भांडी घासायचा लिक्विड साबण एक थेंबही नको, फेस तळाच्या ट्रेत उतरतो आणि गळतीचा स्विच मशीन बंद करतो.

अॅल्युमिनियम काळं पडतं, तांबं-पितळ कळाहीन होतं, बिडाचा तवा गंजतो, करवंटीचा डाव फुटतो. हे सगळं हातानेच. हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे मात्र उन्हात ठेवले की बरेच उजळतात.

धुऊन झाल्यावर दार बोटभर उघडं ठेवा, पावसाळ्यात रबरावर बुरशी येते. आणि मशीनमधून निघालेलं पाणी अळवाला, केळीला सोडू नका, पावडरीचा खार त्यांना सोसत नाही. शोषखड्ड्यातच जाऊ द्या.