तपासपटात लॅब आली की सिनेमा मेला म्हणे

वडाळा_ब्रिज:
काल एका महाशयांनी लिहिलं, "खऱ्या तपासपटात हीरोने संशयिताच्या डोळ्यांत बघून खुनी ओळखावा. केस-नखं गोळा करत बसणं म्हणजे सरकारी माहितीपट." खाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून हा वेगळा धागा.

जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा अपहरणावरचा 'हाय अँड लो' (१९६३) बघा. खंडणीच्या बॅगा ७ सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत अशी अट, कारण धावत्या गाडीतल्या संडासाची खिडकी तेवढीच उघडते. पोलिस बॅगेत पुड्या लपवतात: पाण्यात बुडवली तर घाण वास, जाळली तर गुलाबी धूर. फोनच्या टेपमागे ट्रॉलीचा खडखडाट येतो, आणि रेल्वेचा माणूस नुसतं ऐकून लाइन सांगतो. पुढे अख्ख्या कृष्णधवल सिनेमात तेवढा एक गुलाबी धूर वर चढतो. डोळ्यांत बघून काय मिळणार? डोळे मुद्देमाल म्हणून जमा होत नाहीत.

खमक्या_लालबाग:
ते वाक्य माझंच. आणि तुम्ही सोयीचं तेवढंच सांगितलंत. त्याच सिनेमात पुढे पोलिस खोटी चिठ्ठी धाडून आरोपीला सापळ्यात ओढतात. पुराव्याने भागत होतं तर हे उद्योग कशाला?

आपल्याकडचे 'पुराव्याचे' सिनेमे तर निव्वळ जादू. रक्ताचे डाग शोधायचं रसायन, ल्युमिनॉल, फवारलं, निळा उजेड, खुनी हजर! ल्युमिनॉल ब्लीचवरही चमकतं, तांब्यावरही. रक्त माणसाचं की कोंबडीचं, ते त्याला कळत नाही. अंधार लागतो, आणि उजेड जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. ठशांचं मशीन स्क्रीनवर 'मॅच' ओरडतं. खरं मशीन जवळपासच्या ठशांची यादी देतं, रेषा जुळवतो तो तज्ज्ञ. नोटेवर ब्रशने काळी पावडर मारतात. अहो, कागद ठसा शोषून घेतो, तिथे निनहायड्रिन हे रसायन लागतं, मग जांभळा ठसा उमटतो. माझ्या हीरोची नजर आणि तुमची लॅब, दोन्ही चमत्कारच. निदान नजरेला डायलॉग तरी असतो.

वडाळा_ब्रिज:
सापळा ओळख पटवायला नव्हता हो. माणूस कोण ते आधीच पुराव्यावरून कळलं होतं. नुसत्या अपहरणाला शिक्षा कमी, त्याने केलेला साथीदारांचा खूनही अंगाला चिकटवायचा होता म्हणून मोकळा सोडला. सिनेमा शेवटपर्यंत बघत चला.

मुद्देमाल_पावती:
ल्युमिनॉलचं सोडा. पडद्यावर रक्ताने भिजलेला शर्ट झिपच्या प्लास्टिक पिशवीत टाकतात ते बघून डोकं फिरतं. जुलैतल्या मुंबईच्या हवेत ओलं कापड प्लास्टिकमध्ये कोंडलं की आत घाम धरतो, बुरशी येते, जंतू डीएनएचं मातेरं करतात. कापड सावलीत वाळवायचं. ऊन नको, ड्रायर नको. घडीत कोरा कागद, प्रत्येक कपडा वेगळा, खाकी पाकीट. त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल, दोरा, लाखेचं सील. सीलचा नमुना ठसा पत्रासोबत कलिनाच्या सरकारी न्यायवैद्यक लॅबला जातो. तिथल्या सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्टमध्ये आधी सील शाबूत आणि नमुन्याबरहुकूम असल्याचं येतं, मग रक्तगट. हा सीन एका तरी दिग्दर्शकाने घेतलाय?

तिकीट_खिडकी:
लाख वितळताना बघायला मल्टिप्लेक्सला पैसे मोजू का मी?

मुद्देमाल_पावती:
मोजाल. जप्ती ३ तारखेची, माल लॅबला पोचला २१ला. मधले १८ दिवस शर्ट कुठे होता? मालखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे? घेऊन गेलेल्या शिपायाचा जबाब आहे? बचावाचा वकील पहिला हात इथेच घालतो. या एका उलटतपासणीवर मध्यंतर बेतता येईल.

घाटकोपर_फास्ट:
प्लास्टिकला सरसकट शिव्या नकोत. जळिताच्या केसमध्ये रॉकेलचा संशय असलेली साडी तुमच्या लाडक्या कागदात घातलीत तर लॅबला पोचेपर्यंत रॉकेल उडून जाईल. तिथे हवाबंद पत्र्याचा डबा, काचेची बरणी नाहीतर नायलॉनची पिशवी. साध्या पॉलिथिनमधूनही वाफ निसटते. 'कागदच' हा हट्ट अर्धवट ज्ञानाचा.

मुद्देमाल_पावती:
अर्धवट कोण ते दिसतंय. मी रक्ताबद्दल लिहिलं, तुम्ही रॉकेल ओतलंत.

घाटकोपर_फास्ट:
तुम्ही 'पडद्यावर प्लास्टिक' म्हणालात. पुन्हा वाचा.

मुद्देमाल_पावती:
बरं, जळिताला डबा. मान्य. रक्ताला कागदच, आणि ही ओळ मी बदलणार नाही.

खमक्या_लालबाग:
धागा सिनेमाचा आहे की पॅकेजिंगचा? आणि मध्ये ते पंच. एकच माणूस दहा पंचनाम्यांत पंच, त्यावर कुणी बोलत नाही. असला सराईत पंच कोर्टात उभा राहिला की तुमची लाख गेली चुलीत.

घाटकोपर_फास्ट:
म्हणून तर नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. पंच फितूर झाला तरी व्हिडिओ फिरत नाही.

खमक्या_लालबाग:
व्हिडिओला सर्टिफिकेट कोण देणार? जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टाने ठणकावलं की मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्राशिवाय रेकॉर्डिंग ग्राह्य नाही. १ जुलै २०२४पासून त्यासाठी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू. प्रमाणपत्राचा भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, सोबत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. सिनेमात हवालदार पेन ड्राइव्ह खिशात टाकतो आणि केस सुटते!

तिकीट_खिडकी:
आणि डॉक्टर प्रेताला हात लावून "मृत्यू दहा ते सव्वादहा". मे महिन्यात खोलीत ३३-३४ डिग्री, देह ३७चा. थंड व्हायला फरकच कुठे उरलाय, वेळ कशावरून काढणार?

वडाळा_ब्रिज:
खमक्यासाहेब, तुमच्याच सर्टिफिकेटमधून सीन काढतो. सोसायटीचा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र. जप्त करायच्या आधी त्याच्या स्क्रीनवरची वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी पंचनाम्यात लिहायची असते. लिहिली नाही. कोर्टात निघतं की घड्याळ ११ मिनिटं पुढे. आरोपी दादरला ९:४०ला दिसतो, म्हणजे खरे ९:२९. त्या ११ मिनिटांत स्लो लोकल माटुंगा, सायन मागे टाकते. त्याचं "मी तर दादरलाच होतो" तिथेच कोसळतं. आता डीव्हीआर पुन्हा तपासावा तर त्याने जुनं पुसून वर नवं लिहिलेलं. यात एकही संवाद नाही, आणि घाम फुटतो.

खमक्या_लालबाग:
हम्म. घड्याळाचा सीन चालेल. पण ते आकडे जुळवणारा हीरोच हवा, आणि त्याने सरकारी वकिलाच्या डोळ्यांत बघितलंच पाहिजे. लाख मात्र कापा.

मुद्देमाल_पावती:
कापू नका. फक्त मेणबत्ती तिरकी धरा. लाखेचा थेंब लेबलावर सांडला तर पंचाची सही झाकली जाते, आणि मग खमक्यांचा तो सराईत पंच म्हणतो, ही सही माझी नव्हेच.