मुलाला संशोधनाच्या मुलाखतीला बसवायचं का?

खाडीकाठ (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायूंची ताकद हळूहळू जात राहणारा आजार. बारा पूर्ण झाली. साडेनऊ वर्षांचा असताना चालणं थांबलं. आमचं घर उतारावर आहे, रस्त्यापासून खाली चिऱ्याच्या बावीस पायऱ्या. बाहेर जायचं म्हणजे ह्यांनी त्याला पाठुंगळी घ्यायचं आणि मी मागून व्हीलचेअर आणायची. रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मशीन, लावावं लागतं. पावसात लाईट गेली की इन्व्हर्टर अजून किती तास ओढेल याचा हिशोब करत मी पडून असते.

गेल्या महिन्यात मुंबईला तपासणीला गेलो, तिथे एक मॅडम भेटल्या. बरे न होणारे आजार असलेल्या मुलांची घरी देखभाल कशी होते, घरच्यांना कशाची गरज पडते, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. माझी तासभर मुलाखत, ह्यांची वेगळी आणि मुलाची अर्धा तास, तीही वेगळी. माहितीचा कागद मराठीत दिलाय. त्यात एक ओळ आहे : ‘तुझ्या आजाराबद्दल तुला काय वाटतं, हे आम्ही विचारू.’ मी तिथेच अडकले. त्याला आम्ही ‘पायात ताकद कमी आहे’ एवढंच सांगितलंय. हृदयाचं, श्वासाचं, पुढचं काहीच नाही. सासूबाई म्हणतात, “तेका काय्येक सांगू नको गो, पोर खचात.”

माझी मुलाखत मी देणार, ते ठरलंय. त्या मॅडमनी सहज विचारलं, “रात्री तुम्ही किती वेळा उठता?” इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. कूस बदलायला पाच वेळा. हे सांगताना तिथेच रडू फुटलं. हे कुठेतरी लिहिलं जावं असं मला वाटतं. प्रश्न फक्त त्याचा आहे. त्याला बसवू का?

सडेकर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या पुतण्याच्या वेळी असेच दोघे आले होते. फॉर्म भरून घेतला, पुन्हा फोन नाही. मुलाच्या मनात नको ते घालून माणसं निघून जातात, मग निस्तरायचं आईने. मी असतो तर नाही म्हटलं असतं.

रत्नागिरीची बाय

माझी मुलगी ब्रेन ट्यूमरने गेली, दहाव्या वर्षी. आम्हीही तिला काही सांगितलं नव्हतं. जायच्या महिनाभर आधी तिने रंगांची पेटी मामेबहिणीला देऊन टाकली. मी म्हटलं, अगं, नवीकोरी आहे. तर म्हणाली, “मला आता नाही लागणार.” मी विषय बदलला, दूध आणायला उठले. ते उठणं मला अजून आठवतं.

वर्षभराने मी अशीच एक मुलाखत दिली. त्रास झाला, पण तिचं नाव घेऊन दोन तास कोणीतरी ऐकलं. सडेकर म्हणतात तेही खरं आहे, म्हणून आधी विचारून घ्या : मध्येच थांबवता येईल का, आणि नंतर आठवड्याने त्या फोन करतील का. मला केला होता.

पॅलिएटिव्ह नर्स (सिंधुदुर्ग)

मी बरे न होणाऱ्या आजारांचे पेशंट घरोघरी जाऊन बघते, त्यांचा त्रास कमी करायला. दोन गोष्टी सांगते.

पहिली, हा निर्णय तुमच्या एकटीचा नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी संमती घ्यायला सांगितलंय. पालकांची सही लागतेच, ही त्याहून वेगळी. म्हणजे तुम्ही हो म्हटलंत आणि तो नको म्हणाला, तर नको. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, तेही कागदावर बघा.

दुसरी, ‘मनात घालण्या’बद्दल. स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गेलेल्या आईवडिलांना विचारलं होतं की मुलाशी मृत्यूबद्दल बोललात का. 2004 साली ते छापून आलं. 147 जण बोलले होते, त्यांतल्या एकालाही पस्तावा नव्हता. 258 जण बोलले नव्हते, त्यांतल्या 69 जणांना होता. आणि मुलाला कळलंय असं ज्यांना जाणवत होतं तरी जे गप्प राहिले, त्यांच्यात पस्तावणारे जवळजवळ निम्मे. आजार वेगळा, देश वेगळा, तुमच्या मुलाला ते जसंच्या तसं लावू नका. पण ‘सांगितलं तर खचेल’ हे आपण धरूनच चालतो, म्हणून मी हा अभ्यास घरच्यांना नेहमी सांगते. मृत्यूवरच बोलायला हवं असंही नाही. तो जेवढं विचारेल तेवढंच, खरं सांगा.

तुतारी एक्स्प्रेसने दादर गाठण्यापेक्षा मुलाखत व्हिडिओवर होईल का, विचारा. प्रश्न आधी मागून घ्या.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. काल तिन्हीसांजेला त्याला पडवीत घेऊन बसले आणि तो कागद सगळा वाचून दाखवला. त्या ओळीशी माझा आवाज अडकला, पण वाचली. तो म्हणाला, “माका इचारतले? तुका नाय, माका?” मग म्हणाला, आधी मी त्यांना विचारणार. वही काढायला लावली आणि मला तीन प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. पहिला, पॉवर्ड व्हीलचेअर आपल्या पायऱ्यांवर कशी येईल. दुसरा, बहिणीला हे होईल का. तिसरा, मशीन बंद पडलं तर मी किती वेळ श्वास घेऊ शकतो.

मी विचारलं, हे तुझ्या डोक्यात कधीपासून? म्हणाला, “लाईट जाता तेवा. तू जागी असतंस ता माका कळता.”

सही त्याने स्वतः केली. पेन धरायला मनगटाखाली उशी दिली, तरी नाव पूर्ण लिहायला बराच वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही. तिन्ही प्रश्न मॅडमना पाठवलेत. तिसऱ्याचं उत्तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारून मीच त्याला सांगणार आहे, मुलाखतीच्या अगोदर. शनिवारी व्हिडिओवर ठरलंय. सासूबाई रागावल्यात, त्यांच्याशी आज रात्री बोलते.