पुढच्या दाताचं सिमेंट तपकिरी पडलं: दोष माऊथवॉशचा की चहाचा?

शहापूरकर:
गेल्या गणपतीत गर्दीत तोंडावर पडलो आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. डॉक्टरांनी दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कंपोझिट लावून दिलं. जोड कुठला ते मलाच कळेना. पुढे हिरड्या सुजल्या म्हणून क्लोरहेक्झिडीनचा माऊथवॉश मिळाला. आता दात पांढरा आणि कोपरा चहाच्या गाळणीसारखा. भरलेल्या दातावर डाग पडेल हे आधी सांगायला नको? बाटलीवरची बारीक अक्षरं इंग्रजीत, ना मराठी ना कन्नड.

निपाणीची लेक:
किती दिवस वापरायला सांगितला होता?

शहापूरकर:
दोन आठवडे. तोंड ताजं वाटतं म्हणून मी चार महिने चालू ठेवला.

निपाणीची लेक:
मग झालं की! आणि दिवसाला चहा किती?

शहापूरकर:
खडेबाजारात दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की चहा. मोजत नाही.

निपाणीची लेक:
क्लोरहेक्झिडीन दातावर चिकटून बसतं आणि वरून आलेल्या चहाचा रंग धरून ठेवतं. सिमेंट खरबरीत असेल तर जास्तच. मी दवाखान्यात काम करते. आमच्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका येतात, त्यांच्या भरलेल्या दातांच्या कडाही काळ्या झालेल्या असतात. त्यांनी कुठला माऊथवॉश बघितलाय? औषधाला उगीच नावं ठेवू नका.

खानापूर रोड:
ताई, सगळं खापर चहावर नको. कंपोझिटमध्ये काचेसारख्या बारीक कणांना धरून ठेवणारं रेझिन असतं. ते पाणी शोषतं, अल्कोहोलने मऊ पडतं, आणि काही माऊथवॉशमध्ये २० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. बिनअल्कोहोलच्या माऊथवॉशनेही प्रयोगांत रंग बदललाय. हा फरक डेल्टा-ई या मापात मोजतात, ३.३ च्या पुढे गेला की खपवून घेण्यासारखा नाही, असं बऱ्याच अभ्यासांत धरतात. सिरॅमिकची कॅप असती तर एवढा त्रास नसता.

निपाणीची लेक:
ते प्रयोग कसे करतात तेही सांगा की. सिमेंटच्या चकत्या सलग १२ तास माऊथवॉशमध्ये बुडवायच्या आणि रोज २ मिनिटं धरून वर्षाचा हिशेब झाला म्हणायचं. ३६५ दुणे ७३० मिनिटं, म्हणजे साधारण १२ तास, गणित बरोबर. पण बरणीत लाळ कुठाय? माणूस चूळ थुंकतो, लोणच्यासारखा मुरत पडत नाही.

खानापूर रोड:
आणि त्या बरणीत खडेबाजारचा चहा कुठाय? तोंडात दोन्ही असतं. खरा हिशेब बरणीपेक्षा वाईटच निघायचा.

शहापूरकर:
परवा पॉलिश करून आलो. तपकिरी थर दहा मिनिटांत गेला. पण कोपरा शेजारच्या दातापेक्षा अजून जरा पिवळाच दिसतोय.

निपाणीची लेक:
गेला तो चहा.

खानापूर रोड:
आणि राहिला तो माऊथवॉश.