शब्द : वस्तुमान-वितरण (तरुण तारकागुच्छांच्या संदर्भात)

प्रश्न : तरुण तारकागुच्छांवरील एका लेखाचे संपादन करताना 'वस्तुमान-वितरण' हा शब्द एकाच परिच्छेदात दोनदा आला. पहिल्या वाक्यात 'निरनिराळ्या गुच्छांतील वस्तुमान-वितरण जवळपास सारखेच आढळते' असे म्हटले आहे, तर लगेच पुढे 'या गुच्छातील वस्तुमान-वितरण केंद्राकडे झुकलेले आहे' असे आहे. शब्द एकच ठेवावा की दोन करावेत?

उत्तर : दोन करावेत, कारण येथे प्रश्नच दोन आहेत. किती वस्तुमानाचे किती तारे जन्मले, हा पहिला प्रश्न मोजणीचा आहे. जड तारे गुच्छात कोठे बसले आहेत, हा दुसरा प्रश्न स्थानाचा आहे.

मोजणीच्या अर्थासाठी 'वस्तुमान फलन' हा शब्द नेमका आहे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये सूर्याच्या परिसरातील ताऱ्यांवरून दाखवले की वस्तुमान वाढत जाते तशी ताऱ्यांची संख्या एका ठरावीक घाताने घटत जाते. त्यांच्या घातांकाने हिशेब केला, तर दहा ते वीस सौर वस्तुमानांच्या प्रत्येक ताऱ्यामागे एक ते दोन सौर वस्तुमानांचे सुमारे २२ तारे असावे लागतात. हा घातांक काही ठिकाणी २.३५ आणि काही ठिकाणी १.३५ असा छापलेला दिसतो व वाचक गोंधळतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. वस्तुमानाच्या समान टप्प्यांत मोजल्यास पहिला येतो, लघुगणकाच्या समान टप्प्यांत मोजल्यास दुसरा. लेखात कोणती मोजणी आहे, हे संपादकाने स्पष्ट करून घ्यावे. या नियमाला 'घातनियम' म्हणावे, 'घातांकी नियम' म्हणू नये, कारण घातांकी घट ही गणितात वेगळीच गोष्ट आहे.

संख्या घटण्याचा हा उतार कमी वस्तुमानांपर्यंत तसाच टिकत नाही. अर्ध्या सौर वस्तुमानाच्या खाली तो मंदावतो. पावेल क्रूपा यांनी २००१ मध्ये मांडलेल्या रूपात घातांक तेथे २.३ वरून १.३ वर येतो. साधारण ०.०८ सौर वस्तुमानाखाली हायड्रोजनचे स्थिर ज्वलन होत नाही आणि तपकिरी बटूंचा, म्हणजे पूर्ण तारे न बनलेल्या पिंडांचा, प्रांत सुरू होतो.

स्थानाच्या अर्थासाठी मी 'वस्तुमानानुसार स्थानभेद' असे लिहितो.

आक्षेप : या दुसऱ्या अर्थासाठी 'वस्तुमान-विलगन' हा सुटसुटीत शब्द असताना इतका लांब शब्दप्रयोग कशासाठी? तारे एकमेकांजवळून जाताना ऊर्जेची देवाणघेवाण होते, जड तारे मंदावून केंद्राकडे उतरतात आणि हलके वेग घेऊन बाहेर जातात. हे विलगनच आहे.

उत्तर : आपण वर्णन केलेल्या प्रक्रियेला विलगन म्हणण्यास माझी हरकत नाही, जुन्या गुच्छांत ती निश्चित घडते. परंतु शब्दाच्या पोटात 'आधी मिसळलेले होते, नंतर वेगळे झाले' असे विधान दडलेले आहे आणि तरुण गुच्छांच्या बाबतीत वाद नेमका त्याच विधानाचा आहे. मृग नक्षत्रातील तेजोमेघात असलेला गुच्छ घ्या. त्याचे वय दहा ते तीस लाख वर्षांच्या आसपास आहे, तरीही त्यातील सर्वांत जड तारे मध्यभागी ट्रॅपेझियम नावाच्या चौकडीत दाटीने आहेत आणि त्यांपैकी एकाचे वस्तुमान तीस सूर्यांहून अधिक आहे. इयन बॉनेल आणि मेल्विन डेव्हिस यांनी १९९८ मध्ये संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे असा युक्तिवाद केला की इतक्या अल्प काळात हे तारे बाहेरून आत येणे कठीण आहे, म्हणून ते मध्याजवळच जन्मले असावेत. पुढे २००९ मध्ये रिचर्ड ॲलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गुच्छ आरंभी तुकड्यातुकड्यांचा आणि मंद गतीचा असेल, तर तो आत कोसळताना अल्प काळ अतिशय दाट गाभा तयार होतो आणि सुमारे दहा लाख वर्षांतही जड तारे मध्यात येऊ शकतात. पहिली शक्यता खरी असेल, तर तेथे विलगन झालेलेच नाही. मग 'आद्य विलगन' हा वापरात दिसणारा शब्दप्रयोग स्वतःलाच खोडून काढतो. निरीक्षणासाठी 'स्थानभेद' म्हणावे आणि प्रक्रिया सिद्ध असेल तेथेच 'विलगन' म्हणावे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मात्र दोन्ही अर्थ अगदी तुटलेले नाहीत, हेही मान्य करायला हवे. गाभ्यातील व कडेच्या ताऱ्यांचे वस्तुमान फलन वेगवेगळे काढून त्यांच्या उतारांची तुलना करणे, ही स्थानभेद मोजण्याची एक रीतच आहे. त्यात एक धोका असतो : गाभ्यात तेजस्वी ताऱ्यांच्या झळाळीत मंद तारे दिसेनासे होतात, त्यामुळे हलके तारे प्रत्यक्षात असूनही मोजणीत कमी भरतात आणि नसलेला स्थानभेद दिसू लागतो. म्हणून 'आढळते' आणि 'आहे' ही क्रियापदे अशा लेखांत एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

आपल्या लेखातील वाक्ये अशी करता येतील : 'निरनिराळ्या गुच्छांतील आरंभिक वस्तुमान फलन जवळपास सारखेच आढळते. या गुच्छात वस्तुमानानुसार स्थानभेद आढळतो. जड तारे केंद्राजवळ अधिक आढळतात.'

प्रश्न : येथे 'आरंभिक' हे विशेषण आवश्यक आहे काय?

उत्तर : होय. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा साधारण एक कोटी वर्षांत संपतो. कृत्तिकांचे वय दहा कोटी वर्षांहून अधिक आहे. तेथे असे तारे जन्मले असले, तरी आजच्या मोजणीत ते सापडणार नाहीत, आणि काही हलके तारेही एव्हाना गुच्छ सोडून गेलेले असतात. अशा गुच्छासाठी 'सद्यकालीन वस्तुमान फलन' म्हणावे लागते. दहा-वीस लाख वर्षे वयाच्या गुच्छात या दोन्ही प्रकारची गळती फारशी झालेली नसते, म्हणून तेथील मोजणीला थोड्या दुरुस्तीनंतर 'आरंभिक' म्हणता येते.