सायकल टूरवर चाकू जवळ ठेवला तर कायद्याने चालतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पावसाळा सरला की आठवडाभराच्या सायकल टूरला एकटीच निघतेय. सगळा रस्ता महाराष्ट्रातलाच. ऊन टाळायला पहाटे अंधारात निघावं लागणार, म्हणून घरचे मागे लागलेत, "चाकू तरी जवळ ठेव." पंक्चरच्या सामानात घडीचा छोटा चाकू तसाही असतो, पातं जेमतेम तीन इंच. नऊ इंचांच्या आतलं काहीही चालतं असं ऐकलंय, ते खरं का? नाक्यावर पोलिसांनी पिशवी तपासली तर? आणि कुत्री मागे लागली तर काय करता? खरं सांगायचं तर माणसांपेक्षा मला त्यांचीच धास्ती जास्त आहे.

प्रतिसाद १
नऊ इंचांची गोष्ट अर्धीच खरी. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं 'शस्त्र' म्हणून धरली जातात. घरकाम, शेती, उद्योगासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४ खाली सरकार एखाद्या भागापुरते वेगळे निर्बंध घालू शकतं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाच्या चाकूला (बटण दाबताच पातं उघडतं तो) ७.६२ सेंमी लांबीपासूनच बंधन आहे.

तुमच्या कामाचं कलम मात्र वेगळंच आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७. "जिल्ह्यात मनाई आदेश लागू" अशी बातमी सणासुदीला, निवडणुकीला येते ना, तेच. त्या काळात चाकूच काय, काठीसुद्धा बाळगायला बंदी असू शकते, तिथे इंच कोणी मोजत नाही. असा आदेश ठरावीक दिवसांपुरता असतो, पण संपला की नवा निघू शकतो. ज्या जिल्ह्यांतून जाणार तिथले आदेश निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

चाकू टायर लिव्हर, पाने यांच्यासोबत दुरुस्तीच्या सामानाच्या पिशवीत आत ठेवा, खिशात किंवा कमरेला नको. विचारलं तर जे खरं आहे तेच सांगा: दुरुस्तीसाठी आहे. बटणाचा तर घेऊच नका.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण मुळात चाकूने संरक्षण होतं हेच मला पटत नाही. हँडल सोडून, पिशवी उघडून, घडी उलगडेपर्यंत समोरचा थांबणार आहे का? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत (कलम ३४ ते ४४) आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा केलीत तर तो पुरत नाही. मिरीचा स्प्रे बरा, त्याला परवाना लागत नाही. फक्त वाऱ्याची दिशा बघा, नाहीतर तुमच्याच डोळ्यांत!

कुत्र्यांचं म्हणाल तर पळणाऱ्या चाकामागे ती धावतात. वेग कमी करा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि दमदार आवाजात "हाड!" म्हणा. बहुतेक वेळा गडी तिथेच थंड होतो. तरी चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. ओरखड्यालाही हेच. यात टंगळमंगळ नको, रेबीज एकदा झाला की उपाय नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. चाकू पान्यांसोबतच राहील. घरच्यांना समजावणं हे वेगळं प्रकरण! अंधारासाठी मागे लाल दिवा घेतलाय, आणखी काही?

प्रतिसाद २
पुढे पांढरा हवाच. रिफ्लेक्टरची पट्टी जॅकेटवर आहेच असं धरतो, पण घोट्यांनाही बांधा. पाय वरखाली होताना दिसले की मागच्या ड्रायव्हरला माणूस आहे हे लांबूनच कळतं. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका, खड्डा आला तर वळायला जागा राहत नाही. ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही, तिथे तुम्ही त्याला दिसतच नसता. घरच्यांना फोनवरून लाइव्ह लोकेशन द्या आणि ११२ लक्षात ठेवा. चाकूचा आग्रह त्यानेच निम्मा उतरेल.